शिगेयोनं कापलेला पाइन

शिगेयो सदुसष्ट वर्षांची, पण तिचा थकवा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा होता. सकाळी उठल्यावर आधी मान दुखायची, मग बोटं, मग कंबर, आणि हा क्रम कधी चुकायचा नाही. शेहेचाळीस वर्षं झाडाखाली मान वर करून उभ्या राहिलेल्या बाईचं दुसरं काय होणार? नवरा शिडीवर आणि ही शिडीखाली, अशीच त्यांच्या संसाराची मांडणी होती. वरून कोंब पडायचे, वाळक्या सुया पडायच्या, मधूनमधून शिव्याही पडायच्या. ही सगळं चादरीत गोळा करून गाडीत टाकायची.

नवरा इवाओ चौऱ्याहत्तर वर्षांचा, धंद्यानं माळी. फुलंबिलं लावणारा माळी नव्हे, पाइनला वळण लावणारा. आमच्याकडे दारात पाइन असला की त्याची निगा ठेवावीच लागते. दोन-चार वर्षं तो तसाच वाढू दिला, की घरातलं कुणीतरी गेलं असणार असं लोक धरून चालतात आणि भेटायला येऊ लागतात. त्यामुळे इवाओच्या बापाला कामाची ददात नव्हती आणि इवाओलाही नव्हती.

गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधे अंग चोरून बसलेली वस्ती. समुद्राकडे काळा पाइन, डोंगराकडे तांबडा. गावातले लोक काळ्याला ‘बाप्या’ म्हणतात आणि तांबड्याला ‘बाई’. तसं पाहिलं तर दोन्ही झाडांना नर-मादी अशी दोन्ही फुलं येतात, तेव्हा या नावांत काही तथ्य नाही. पण काळा दिसायलाच रांगडा. साल जाड, भेगाळलेली. सुया इतक्या ताठ की बेसावध हात घातला तर रक्त काढणार. कोंब पांढुरके. खारा वारा तोंडावर घेत वर्षानुवर्षं उभा. तांबड्याची साल पातळ, वरच्या अंगाला केशरी, पापुद्र्यांनी सुटणारी. सुया मऊ, कोंब तांबूस. खारा वारा तिला सोसत नाही. ही नावं कुणा बाप्यानंच ठेवली असणार, असं गावातल्या बायका म्हणतात, आणि ते खरंच असणार.

डोंगर जिथं वस्तीला टेकतो तिथं दोघांची पोरंही उगवतात. सुया बापाच्या आणि साल आईची. असं झाड बाप्यात धरायचं की बाईत, यावरून दोन घरांत वाद झाला की इवाओला बोलवायचे. तो कोंब बघायचा, सुयांवरून तळहात फिरवायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. त्या निकालावर पुन्हा कुणी बोलायचं नाही.

शिगेयो स्वतः डोंगराकडची. तिच्या लहानपणी सगळा डोंगर तांबड्या पाइनचा होता. तिचे वडील पावसाळा सरला की त्यांच्या मुळाशी उगवणारी सुवासिक अळंबी शोधायचे आणि वर्षभराचं मीठ-तेल त्यावर निघायचं. मग झाडांना रोग लागला. चार-पाच वर्षांत डोंगरच्या डोंगर वाळला. आधी अळंबी गेली, मागोमाग माणसं गेली. एकविसाव्या वर्षी शिगेयो एक पेटी घेऊन खाली किनाऱ्याला सून म्हणून आली. सासूनं उंबऱ्यातच म्हणून घेतलं, “डोंगरातली बाई आहे, इथल्या खाऱ्या वाऱ्यात टिकते की नाही कोण जाणे.” सासू गेली त्याला वीस वर्षं झाली. शिगेयो टिकली.

कामाचा नियम साधा होता. बाप्याचे नवे कोंब जुलैत बुडापासून कापायचे. तो चिडून पुन्हा फुटतो आणि दुसऱ्या खेपेचे कोंब आखूड, घट्ट येतात. त्यानंच झाडाला देखणेपणा येतो. बाईचे कोंब मे महिन्यात कोवळे असताना बोटांनी निम्मे खुडायचे, आणि जुलैत तिला कात्री म्हणून लावायची नाही. बाप्यासारखं तिला बुडापासून कापलं, तर ती पुन्हा फुटेल याचा भरवसा नाही. त्यातून झाड जुनं असलं तर ती मरतेच. आणि तेही लगेच नाही. उन्हाळाभर हिरवी दिसते, हिवाळ्याच्या तोंडावर शेंड्याकडून वाळत येते. थंडीच्या आधी दोघांच्याही जुन्या सुया हातानं उपटायच्या, एकेक फांदी घेऊन. त्या दिवसांत शिगेयोच्या बोटांना लागलेला चीक स्वयंपाकाच्या तेलानंसुद्धा निघायचा नाही. अंघोळीच्या गरम पाण्यात बसली तरी बोटं चिकटच.

हा नियम इवाओ पाळण्यातलं आपलं पोर ओळखावं तसा ओळखत होता. म्हणजे परवापरवापर्यंत.

गेल्या हिवाळ्यात तो शिडी गिऱ्हाइकाच्या बागेत ठेवून घरी आला आणि ‘शिडी चोरीला गेली’ म्हणून सगळं घर डोक्यावर घेतलं. मग एकदा जेवण झाल्यावर तासाभरानं ‘आज जेवायचं नाही का?’ म्हणाला. शिगेयोनं पुन्हा वाढलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, ते तिनं मान हलवत ऐकून घेतलं. इवाओला सांगितलं, की रक्तदाब थोडा वाढलाय.

मार्च महिन्यात तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून घसरला. खाली शेवाळाची गादी होती म्हणून निभावलं. शेजारच्या गावचा सेगावा माळी तीन वर्षांपूर्वी असाच पडला होता, तो दीड वर्ष अंथरुणावर काढून गेला. त्या दिवसापासून शिगेयोला एकच ध्यास लागला. हा पडायच्या आत याला शिडीवरून खाली आणायचं. पण असं आणायचं, की याचं मन मोडणार नाही. गाडी चालवणं त्यानं सोडलं होतं, कारण डोळ्यांचं निमित्त सापडलं होतं. शिडीसाठी निमित्त सापडत नव्हतं.

एकदा तिनं सरळ विचारून पाहिलं.

“अहो, आता वरचं काम दुसऱ्या कुणाला देऊ या का? तुम्ही खालून सांगा.”

“खालून?” इवाओनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. “शिडीवरून उतरलेला माळी म्हणजे काय माहितीये? झाडू.”

“मी शेहेचाळीस वर्षं झाडूच आहे की.”

“तुझं वेगळं,” तो म्हणाला आणि सूप पिऊ लागला.

मुलगा तोमोआकी ओसाकाला नोकरीला. तो आठवड्यातून एकदा फोनवरून काळजी करायचा.

“आई, बाबांना आधी शिडीवरून उतरव.”

“तू ये आणि उतरव.”

“अगं, मी इतक्या लांबून कसा येणार?”

“मग फोन ठेव. माझा मासा करपतोय.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ चुलीसमोर नुसती उभी राहिली. राग मुलाचा नव्हता, नवऱ्याचाही नव्हता. अंगात रागवायलासुद्धा जोर उरला नव्हता.

शेवटी तिनं आपली एक युक्ती काढली. तो शिडीवर चढला की ही खालून सहज बोलल्यासारखं करायची. “बाप्याच्या मुळाशी मुंग्या झाल्यात हं!” किंवा “बाईची साल यंदा छान सुटलीय.” म्हणजे आपण कुठल्या झाडावर आहोत हे त्याला न विचारता कळायचं. तो वरून ‘हं’ करायचा. सगळा वसंत तिनं असा खालून बोलत काढला. मुळात ती अबोल बाई. संध्याकाळपर्यंत घसा बसायचा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काजितानीसानच्या घरचं काम निघालं. काजितानीसान (नावापुढे ‘सान’ आमच्याकडे मानानं लावतात) म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एकट्या राहणाऱ्या एक्याऐंशी वर्षांच्या विधवा बाई. काठीसारख्या ताठ, बोलायला मोजक्या. त्यांच्या फाटकाला डावीकडे बाप्या आणि उजवीकडे बाई अशी जोडी होती. ती इवाओच्या बापानं लावलेली. बाप्या दणकट होता. बाई मात्र अलीकडे अशक्त झाली होती. मे महिन्यात तिला खुडतानाच इवाओ म्हणाला होता, “यंदा हिला फार छळायचं नाही.”

सकाळी आठला काम सुरू झालं. उन्हानं आठालाच तोंड भाजत होतं आणि रातकिड्यांचे भाऊबंद झाडाझाडावर कर्कश ओरडत होते. इवाओ बाप्यावर चढला. पांढुरके कोंब टपाटप चादरीवर पडू लागले. दहा वाजता चहाची सुट्टी. गिऱ्हाइकानं ओसरीवर चहा ठेवायचा आणि कामकऱ्यांनी बसून चार शब्द बोलायचे, ही आमच्याकडची रीत. नुसता चहा पिऊन उठणं चांगलं दिसत नाही. जवाचा गार चहा, मीठ लावलेली काकडी, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. हवेवर बोलून झालं, काजितानीसानच्या गुडघ्यांवर बोलून झालं.

“शिगेयोसान,” काजितानीसान म्हणाल्या, “खारवायला घातलेल्या आलुबुखारांवरचा दगड जरा हलवून द्याल का? मला आता उचलत नाही.”

“देते की.” शिगेयो उठली. जाताजाता शिडीकडे वळलेल्या इवाओला ओरडून म्हणाली, “बाप्याची मागची बाजू राहिलीय हं!”

“हं,” इवाओ म्हणाला.

स्वयंपाकघरात काळोखी गारवा होता. तिनं बरणीवरचा दगड उचलून बाजूला ठेवला, लाकडी झाकण पुसलं, दगड परत ठेवला. एवढ्यानं डोळ्यांसमोर काजवे चमकले. “बसा जरा,” काजितानीसान म्हणाल्या. ती लाकडी जमिनीवर बसली. जमीन इतकी गार होती, की तिनं नुसता हात टेकवला, मग कोपर, मग गाल. दोन मिनिटं, ती मनात म्हणाली.

जाग आली ती कात्रीच्या आवाजानं. शेजारी कुणीतरी पंखा आणून लावला होता आणि घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. ती तशीच पडून आवाज ऐकत राहिली. आवाजात काहीतरी चुकत होतं, पण काय ते लगेच ध्यानात येईना. मग आलं. कात्री उजवीकडून वाजत होती.

ती अनवाणीच धावली.

उजव्या झाडाखाली चादर अंथरलेली होती. ती त्यानं स्वतः, व्यवस्थित, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून अंथरली होती. चादर तांबूस कोंबांनी भरून गेली होती. शेंड्याखालची एकही फांदी त्यानं सोडली नव्हती. इवाओ वर, शेंड्यापाशी, काहीतरी गुणगुणत होता. इतका आनंदी तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

“अहो, खाली या.”

“थांब, शेंडा राहिलाय.”

“चहा ठेवलाय.”

“आत्ताच तर झाला चहा!”

“तरी या.”

कुरकुरत तो उतरला. उतरल्यावर नेहमीच्या सवयीनं दहा पावलं मागं गेला, मान तिरपी केली आणि झाडाकडं पाहिलं. आधी चेहऱ्यावर समाधान होतं. मग त्यानं डावीकडच्या झाडाकडे पाहिलं. मग पुन्हा उजवीकडच्या. मग चादरीकडे. कात्री हातातल्या हातात उघडझाप करू लागली. बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला. काहीतरी भयंकर झालंय हे त्याला कळत होतं, पण काय झालंय आणि कुणी केलंय, ते सापडत नव्हतं.

शिगेयोला ते बघवेना. झाड मरणार याचं दुःख तिला त्या क्षणी झालंच नाही. तिला फक्त तो चेहरा तसा राहायला नको होता.

तेवढ्यात उन्हाची छत्री धरून काजितानीसान फाटकाशी आल्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं. त्यांना झाडांतलं जन्मभर बघून बघून जेवढं कळावं तेवढं कळत होतं.

“हे कुणी केलं?” त्या म्हणाल्या.

इवाओनं तोंड उघडलं. त्याच्या आधी शिगेयो जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि कपाळ मातीला लावलं.

“मी केलं. हे मागच्या बाजूला होते. मला वाटलं, दोन्ही झाडं हातासरशी उरकून टाकावीत. चुकलं माझं.”

काजितानीसान शिगेयोच्या गालाकडे बघत होत्या. त्या गालावर त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या लाकडी फळ्यांच्या रेघा अजून उमटलेल्या होत्या. त्यांची आणि शिगेयोची नजर एकदा मिळाली. मग काजितानीसाननं नजर दुसरीकडे वळवली.

“तू?” इवाओ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली. शिगेयोनं ती स्पष्ट पाहिली. त्यामागोमाग राग आला, आणि तो राग चांगला खणखणीत, जुना, मालकाचा राग होता. “तू चढलीस माझ्या शिडीवर? तू कात्री लावलीस हिला? ऊठ! ऊठ म्हणतो!”

त्यानं तिचं मनगट धरून तिला डावीकडच्या झाडापाशी ओढत नेलं आणि तिचा तळवा सुयांवर दाबला.

“टोचतंय?”

“टोचतंय.”

“हा कोण?”

“बाप्या.”

मग उजवीकडे. तळवा पुन्हा सुयांत.

“हे टोचतंय?”

“नाही.”

“मग ही कोण?”

“बाई.”

“बाई! याचा कोंब बघ, पांढरा. हिचा बघ, तांबूस. याची साल बघ, जुन्या कासवासारखी. हिची बघ, नखानं निघते. याला कापलं तर हा दुप्पट अंगानं उठतो. समुद्राची खारट थप्पड खाऊन वाढलेला आहे हा, त्याला तुझी कात्री म्हणजे काय? हिच्या अंगात तेवढी शिल्लक नसते. हिनं वर्षभर जे जमवलं ते सगळं या कोंबांत असतं. ते तू चादरीवर पाडलंस! माझा बाप सांगायचा, बाप्याला धाकात ठेव आणि बाईला विचारून हात लाव. शेहेचाळीस वर्षं माझ्या झाडांखाली उभी आहेस. काय केलंस इतकी वर्षं?”

“झाडलं,” शिगेयो म्हणाली.

एक अक्षर तो चुकला नव्हता. सगळं त्याच्या तोंडात जसंच्या तसं होतं. फक्त हातांपर्यंत पोचत नव्हतं. शिगेयोला रडू आलं, आणि ते तिनं दाबलं नाही, कारण रडणं त्या प्रसंगाला शोभण्यासारखंच होतं.

ती रडल्यावर इवाओ थंडावला. कात्री कमरेच्या कातडी खोळीत घालता घालता थांबला, ती खोळच कमरेची सोडली, आणि काजितानीसानसमोर येऊन वाकला, पार कंबरेत.

“काजितानीसान, दोष हिचा नाही, माझा आहे. मी हिला कधी शिकवलंच नाही. नुसतं झाडायला लावलं. माझ्या बापाच्या हाताखालच्या पोरानं झाड बिघडवलं, तर बाप त्याला हाकलायचा नाही. त्या दिवसापासून बाप स्वतः शिडी चढायचा नाही. खाली उभा राहायचा आणि त्या पोराला शिकवायचा, ते शिकेपर्यंत. शिकवणाऱ्याची शिक्षा तीच. मीही तेच करीन. हिला नीट येईपर्यंत मी शिडीला पाय लावणार नाही.”

शिगेयो डोळे पुसायची थांबली.

“मला यायला वेळ लागेल,” ती हळूच म्हणाली. “माझं डोकं मंद आहे.”

“लागू दे,” इवाओ म्हणाला. “मी कुठं चाललोय?”

काजितानीसाननं छत्री मिटली. “झालं ते झालं,” त्या म्हणाल्या. “चहा पुन्हा करते. गरम.”

चहानंतर कातडी खोळ शिगेयोच्या कमरेला आली. तिचा पट्टा दोन वेढे जास्त बसला. तिसऱ्या पायरीच्या वर ती जन्मात चढली नव्हती. सहाव्या पायरीवर तिनं शिडीला मिठीच मारली. “खाली बघू नकोस, कोंब बघ,” इवाओ खालून म्हणाला. “डाव्या हातात फांदी धर. हां. आता बुडाशी. तिरकं नाही, सरळ.” तो उत्तम शिकवत होता. आपल्याला सगळं येतं हे विसरून, येत नसल्याचं सोंग करत ती बाप्याचे राहिलेले कोंब एकेक करून कापत राहिली. हवं होतं ते तिला मिळालं होतं. तो जमिनीवर होता. आता या वयात रोज ती वर असणार होती, आणि हा विचार मनात येताच तिला इतकं थकल्यासारखं झालं, की तिनं थोडा वेळ कपाळ खोडाला टेकवलं.

“काय झालं?” खालून प्रश्न.

“काही नाही. चीक लागला.”

ऑगस्टमध्ये, पितर घरी येतात त्या तीन दिवसांच्या सणापर्यंत, गोष्ट गावभर झाली होती. मासळीवाली तिला म्हणाली, “शिगेयोसान, चष्मा करून घ्या हो. तांबडं-काळं कळेना म्हणजे कमालच झाली.” दोन घरांनी निरोप पाठवला, की यंदा आमचं आम्ही बघू. माहेरच्या बाजूची एक चुलत बहीण फोनवर हसून म्हणाली, “डोंगरातली असून तुला बाई ओळखू येईना?” हा टोमणा मात्र लागला. तांबड्या पाइनच्या सुयांवर ती लहानपणी झोपली होती. ओल्या पावसाळी दिवसांत नुसत्या वासावरून ती झाड सांगायची. पण ती म्हणाली, “वय झालं गं.”

इवाओ मात्र खुशीत होता. जो भेटेल त्याला सांगायचा, “हिला शिकवतोय सध्या. चूक झाली तिच्या हातून, पण हात वाईट नाही. रागावू नका तिच्यावर.” लोक शिगेयोकडे कणवेनं बघायचे आणि इवाओच्या मोठ्या मनाचं कौतुक करायचे. तिनं एकदाही तोंड उघडलं नाही. रात्री तो तिच्या खांद्याला औषधी पट्टी लावून द्यायचा. पूर्वी कधी लावली नव्हती.

ऑक्टोबरच्या अखेरीस काजितानीसानच्या बाईचा शेंडा तांबूस पडला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोघं सुया उपटायला गेले तेव्हा ती कमरेपर्यंत वाळली होती. नवीन वर्षानंतर माणूस बोलावून ती तोडायची, असं ठरलं होतं. शिगेयो फाटकातून आत येताना तिच्यापाशी थांबली आणि सालीवर हात ठेवला. पापुद्रा निघून हातात आला. मनातल्या मनात तिनं तिची माफी मागितली. चूक केल्याची नव्हे, झोपल्याची.

काजितानीसान ओसरीवरून बघत होत्या. शिगेयो जवळ गेली तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, “त्या दिवशी पंखा मी लावला होता.”

“माहितीये मला,” शिगेयो म्हणाली.

“कुणाजवळ बोलले नाही.”

“बोलू नका.”

काजितानीसाननं मान हलवली आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

शिगेयो बाप्यावर चढली. बोटांनी जुन्या सुया धरायच्या, उलट्या ओढायच्या, खाली टाकायच्या. वाऱ्याला आता धार होती. सुया जोडीजोडीनं गळत होत्या. इवाओ खाली शिडीला हात लावून उभा होता, पण त्याचं लक्ष समोरच्या वाळलेल्या झाडाकडे होतं.

“ही वाळली,” तो म्हणाला.

“हो.”

“अशी कापलीय कुणी हिला?”

“मी. जुलैत.”

“अस्सं,” तो म्हणाला. शिडीवर पडलेल्या सुया त्यानं हातानं झटकल्या. मग मायेनं म्हणाला, “मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं. माझ्याही हातून एकदा झालं होतं.”

शिगेयोचे हात फांदीवर थांबले.

“कुठं?”

“ते नाही आठवत. तांबडाच पाइन होता. उकडत होतं फार. खाली उतरून बघतो तर सगळे कोंब चादरीवर, आणि मला कळेचना, हे काय झालं माझ्या हातून. मालकीण समोर उभी. आता काय सांगू? इतक्यात कुणीतरी पुढं आलं आणि म्हणालं, मी केलं.” तो आठवायचा प्रयत्न करत होता, डोळे बारीक झाले होते. “स्वतःवर घेतलं बघ सगळं. बाई होती वाटतं. कोण होती कोण जाणे. तिचे आभार मानायचे राहूनच गेले.”

वरून चार-दोन सुया खाली आल्या, मग थांबल्या.

“ऐकतेस ना?” इवाओनं वर बघत विचारलं.

“ऐकतेय,” शिगेयो म्हणाली. “शिडी नीट धरा.”

त्यानं दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.